किट लेन्सनंतर पुढे काय घ्यावे: फुल फ्रेम बॉडी, नवी लेन्स की आणखी काही?

सह्यवाट

नमस्कार. माझ्याकडे कॅननचा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा डीएसएलआर असून त्यासोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन किट लेन्स आहेत. मी साताऱ्यात राहते, त्यामुळे कास, ठोसेघर, अजिंक्यतारा आणि सज्जनगड ही माझी नेहमीची ठिकाणे आहेत. आषाढात पालखी लोणंद-फलटणच्या वाटेला लागली की वारीतही जाते, आणि येत्या हिवाळ्यात उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला पक्षी टिपायला जावे असे मनात आहे.

सुरुवातीच्या काळात प्रत्येक भटकंतीत काहीतरी नवे हाती लागत असे. अलीकडे मात्र माझी छायाचित्रे एकाच पातळीवर थांबली आहेत असे वाटते. चुकीची म्हणता येत नाहीत, पण पुन्हा पाहावीशीही वाटत नाहीत. आमच्या गटातील बहुतेकांचे मत असे पडले की आता फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी घेतल्याशिवाय फरक पडणार नाही. ऐंशी हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, परंतु हा खर्च वारंवार होणारा नाही. म्हणून कोणते मॉडेल घ्यावे यापेक्षा निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

प्रकाशमापी

प्रश्न नेमका विचारलात, त्यामुळे उत्तरही हिशेबाने देतो.

कॅननचा एपीएस-सी सेन्सर साधारण २२.३ × १४.९ मिलिमीटरचा असतो आणि फुल फ्रेम ३६ × २४ चा. क्षेत्रफळ अडीचपटीहून थोडे जास्त होते, म्हणजे कमी प्रकाशातील दाणेदारपणाच्या बाबतीत सव्वा ते दीड स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). हा फायदा खरा आहे, पण त्याची किंमत केवळ बॉडीपुरती नाही. तुमच्या दोन्ही लेन्स ईएफ-एस, म्हणजे एपीएस-सीसाठीच बनवलेल्या, प्रकारच्या आहेत. त्या कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. आरएफ माउंटच्या (लेन्स जोडण्याची कॅननची नवी पद्धत) मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडीवर अ‍ॅडॅप्टर लावून बसतात, परंतु मग कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून साडेनऊच्या आसपास मेगापिक्सेल हाती येतात. म्हणजे बॉडीपाठोपाठ लेन्सही आल्या, आणि ऐंशी हजारांत दोन्ही बसवताना कुठेतरी तडजोड करावी लागणार.

आणखी एक गोष्ट. तुमची २५० ची लेन्स आज जेवढा दृश्यकोन देते, तेवढा फुल फ्रेमवर मिळवायला ४०० मिलिमीटर लागतात. भिगवणचा विचार असेल तर हे विसरून चालणार नाही.

काहीही घेण्याआधी गेल्या वर्षभरातील तुमची स्वतःला आवडलेली आणि थोडक्यात राहून गेलेली छायाचित्रे वेगळी काढा आणि प्रत्येकाची नोंद पाहा: फोकल लेंग्थ (लेन्सचा पल्ला), अ‍ॅपर्चर (लेन्सचे भोक, एफच्या आकड्यात), शटर (ते उघडे राहण्याचा वेळ), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता). उणीव कुठे आहे ते त्या नोंदींतून कळेल. इथे आम्ही सांगू तो अंदाज असेल.

उजेडवाटा

प्रकाशमापी यांच्या हिशेबात एक भर घालतो. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफपुढचा आकडा लहान तितके भोक मोठे). ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ साडेनऊपट अधिक प्रकाश आत घेते, म्हणजे तीन स्टॉपहून अधिक. फुल फ्रेमच्या दीड स्टॉपच्या दुप्पट फायदा आणि तोही तुमच्या खर्चाच्या एका छोट्या हिश्श्यात. निर्णय काहीही होवो, ही लेन्स तरी घ्याच.

विदर्भवन

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, तरीही एका मुद्द्यावर मला स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. अशा चर्चा हळूहळू "साहित्य गौण, नजर महत्त्वाची" या वाक्यापाशी येऊन थांबतात, आणि ते वाक्य वन्यजीवांच्या बाबतीत अर्धेच खरे आहे.

ताडोब्यात हिवाळ्यातील पहिल्या फेरीला जिप्सी आत शिरते तेव्हा बांबूच्या रांजीखाली इतका कमी उजेड असतो की एफ/६.३ वर ६४०० आयएसओ ठेवूनही शटर १/१०० च्या वर जात नाही. समोर अस्वल रस्ता ओलांडत असते, ते काही सेकंदांत पलीकडे जाते, आणि जिप्सीतून उतरण्याची परवानगी नसते, म्हणजे "दोन पावले पुढे जा" हा सल्लाही तिथे लागू पडत नाही. अशा वेळी जलद फोकस होणारी बॉडी आणि लांब पल्ल्याची लेन्स नसेल तर कितीही तयार नजर असली तरी चित्र मिळत नाही. साहित्याची मर्यादा खरी असते तिथे ती मोकळेपणाने मान्य करावी. नवख्यांना उगाच अपराधी वाटू देऊ नये.

मात्र अशी लेन्स विकतच घ्यायला हवी असे नाही. पुण्या-मुंबईत १५०-६०० सारख्या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. वर्षातून मोजक्या वेळा पक्ष्यांकडे जाणाऱ्याने भाड्याचाच मार्ग धरावा. शिवाय दोन-अडीच किलोंचे ते वजन आपल्याला हाताळता येते का, हेही घेण्याआधी कळते.

अंधारखोली

माझा उमेदीचा काळ स्टुडिओत आणि लाल दिव्याखाली गेला, त्यामुळे थोडे मागचे सांगतो.

होमाई व्यारावाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे दिल्लीत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करू लागल्या. त्यांच्या हातात स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा असे. त्यात एका वेळी एक शीट फिल्म घालायची, चित्र झाले की होल्डर बदलायचा आणि रात्रीचा प्रसंग असेल तर फ्लॅशचा वापरलेला बल्बही बदलायचा. ज्या क्षणी बटण दाबायचे तो क्षण आधीच ओळखावा लागे, कारण दुसऱ्यासाठी तयारी होईपर्यंत प्रसंग पुढे सरकलेला असे. त्यांची स्वातंत्र्याच्या काळातील चित्रे पाहताना मला त्यांतील माणसांच्या जागा पाहून दरवेळी आश्चर्य वाटते. कोणीही कोणाच्या मागे अर्धवट लपलेले नाही. ही शिस्त त्या कॅमेऱ्याने लावली असे मी मानतो.

म्हणून सह्यवाट ताईंना एक अभ्यास सुचवतो. झूम १८-५५ चीच ठेवा, पण ती ३५ वर आणून चिकटपट्टीने जखडून टाका आणि महिनाभर दुसरे काही वापरू नका. दृश्य चौकटीत बसत नसेल तर स्वतः हला. काही दिवसांतच कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी कडा कुठे येतील ते दिसू लागते. त्याच काळात दर आठवड्याला एक चित्र निवडून आठ बाय बाराच्या कागदावर छापून घ्या आणि घरात येता-जाता दिसेल असे लावा. पडद्यावर बोटाने सरकवलेले चित्र आपली परीक्षा घेत नाही. भिंतीवरचे चित्र चौथ्या दिवशी स्वतःच त्याचे दोष सांगू लागते.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत चित्रित केली होती. चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्याला पटवून देण्यासाठी त्यांनी ते केले. विषय घरातला, जागा एकच आणि दिवसेंदिवस त्याच्याकडे पाहत राहणे. प्रगतीसाठी नवे ठिकाण वा नवे यंत्र लागतेच असे नाही, यासाठी इतका जवळचा दाखला दुसरा मला माहीत नाही.

विदर्भवन

अंधारखोली काका, तुमच्या म्हणण्याचा आदर आहे. पण व्यारावालांनी त्या कामासाठी त्या काळातील वृत्तछायाचित्रकारांचे मान्यताप्राप्त साहित्यच वापरले, हेही तितकेच खरे नाही का? कामाला योग्य असे साधन त्यांच्याकडे होते.

अंधारखोली

अगदी मान्य. साधन कामाला योग्य असावे. माझा आग्रह एवढाच की काम कोणते हे आधी ठरावे.

रत्नाकर_किनारा

ऐंशी हजारांतील काही रक्कम साठवणुकीसाठी बाजूला ठेवा. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात कपाटातील चामड्याच्या पाकिटात ठेवलेल्या लेन्सला दोन महिन्यांत बुरशी धरते, आणि कासच्या पठारावरील सप्टेंबरची हवाही काही कोरडी नसते. बुरशी काचेवरील लेपावर वाढते आणि वेळीच लक्ष गेले नाही तर लेप कायमचा खराब करते. मग साफ करूनही चित्रात धूसरपणा राहतो. कॅमेरा ठेवण्याच्या जागी आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. त्यासाठी विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट उत्तम, पण ती नको असेल तर घट्ट झाकणाचा धान्याचा डबा, रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. चामड्याचे आणि कापडी पाऊच डब्याबाहेर ठेवावेत, कारण ओल तेच धरून ठेवतात.

थंड, वातानुकूलित गाडीतून एकदम पावसाळी हवेत कॅमेरा काढला तर काचेवर दव धरते. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा.

सह्यवाट

सर्वांचे मनापासून आभार. प्रकाशमापी यांनी सांगितल्याप्रमाणे नोंदी काढून पाहिल्या आणि चित्र बरेच स्पष्ट झाले. माझी बहुतेक छायाचित्रे १८ आणि २५० या दोन टोकांनाच आहेत. मधला पल्ला मी जवळपास वापरतच नाही. राहून गेलेल्या चित्रांचे तीन ढीग पडले. पहिल्यात गडांवरील निसर्गचित्रे आहेत, ज्यांत ढग पांढरेफटक आणि दरी काळवंडलेली. दुसऱ्यात वारीतील चेहरे, ज्यांत धोतर-टोपीचा पांढरा भाग तपशील न उरता पूर्ण उडालेला किंवा चेहरा अंधारलेला. तिसऱ्यात कासची फुले, जी वरून पाहिल्यासारखी सपाट वाटतात. कमी प्रकाशामुळे बिघडलेली छायाचित्रे अगदी थोडी निघाली.

यांतील पहिल्या दोन ढिगांसाठी काय करावे?

प्रकाशमापी

तुमचे तीनही ढीग सेन्सरच्या आकाराशी संबंधित नाहीत, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पालखी मार्गावर चौकटीचा मोठा भाग पांढऱ्या कपड्यांनी भरला की तो पांढऱ्यालाही करडे करू पाहतो आणि सावळे चेहरे आणखी काळवंडतात. उलट, एकच वारकरी गडद झाडीपुढे उभा असेल तर मापक झाडी उजळवायला जातो आणि सदऱ्यातील तपशील उडतो. दोन्ही प्रसंगांत भरपाई (मापकाने ठरवलेला प्रकाश आपण कमी-जास्त करणे) विरुद्ध दिशेने द्यावी लागते: पहिल्यात अधिक दोन-तृतीयांश ते एक स्टॉप, दुसऱ्यात तेवढीच उणे. सरासरी मापनावर विसंबू नका. चित्र घेतल्यावर हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचे वाटप दाखवणारा आलेख) पाहा आणि जळालेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात सुरू ठेवा. पांढऱ्या कपड्याची वीण दिसेल इतके एक्स्पोजर खाली आणा आणि चेहरा नंतर उचला.

हे उचलणे रॉ फाइलमध्येच, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या माहितीतच, नीट जमते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतील चेहरा उजळवताना हा फरक उघड दिसतो.

गडांवरील ढगांसाठीही हेच तत्त्व आहे. ढग सांभाळून एक्स्पोजर ठेवा. फरक फारच असेल तर ट्रायपॉडवर दोन-तीन वेगवेगळी एक्स्पोजर घेऊन जोडता येतात, पण मी स्वतः त्यापेक्षा वेळ बदलण्याला महत्त्व देतो. पावसाळ्यात सकाळी ढग दरीतून वर चढतात तेव्हा आकाश आणि जमीन यांतील अंतर आपोआप कमी होते. १८ मिलिमीटरवर एफ/८ ठेवून साधारण सव्वादोन मीटरवर फोकस केला तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व पुरेसे स्पष्ट येते. एफ/२२ पर्यंत जाऊ नका. तिथे विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) एकूणच धार कमी होते.

नीरक्षीर

रॉचा आग्रह सर्वांनाच मानवेल असे नाही. संगणकावर बसायला ज्यांना वेळ नसतो त्यांनी जेपेगमध्येच एक्स्पोजर अचूक साधण्याची सवय लावली तर हात लवकर तयार होतो. रॉ हाताशी असल्यामुळे "नंतर पाहू" ही वृत्ती बळावते, हे मी अनेक नवोदितांत पाहिले आहे.

प्रकाशमापी

मुद्दा रास्त आहे. दोन्ही एकदम साठवण्याची सोय कॅमेऱ्यात आहेच. जेपेग स्वतःला तपासण्यासाठी आणि रॉ पुन्हा न येणाऱ्या प्रसंगासाठी ठेवावी.

माउलीची_सावली

वारीबद्दल मला वेगळे सांगायचे आहे. सह्यवाट ताई, तुमची वारीतील छायाचित्रे २५० वर घेतलेली असतील तर एक्स्पोजर सुधारूनही ती पुन्हा पाहावीशी वाटतील असे मला वाटत नाही.

लांबच्या लेन्सने चेहरा जवळ येतो, पण टिपणारी व्यक्ती रस्त्याच्या कडेलाच राहते. दिवे घाट चढताना, नाहीतर बेलवाडीच्या रिंगणानंतर माणसे टेकली असताना त्यांच्यासोबत बसावे, भाकरीची विचारपूस करावी, कॅमेरा मांडीवर दिसेल असा ठेवावा. "माउली, एक फोटो घेऊ का?" असे विचारले की बहुतेक वेळा होकार मिळतो, आणि नकार मिळाला तर तोही तितकाच सहजपणे स्वीकारावा. मग १८ ते ३५ च्या दरम्यान, हातभर अंतरावरून घेतलेल्या चित्रात तुळशीवृंदावन, पायांची धूळ आणि मागची दिंडी हे सारे येते. चेहऱ्यावर तुमच्याशी बोलणे चालू असल्याची खूणही येते.

पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात स्नान करणाऱ्या स्त्रियांची चित्रे दूरच्या लेन्सने टिपून स्पर्धेला पाठवणारे लोक मी पाहिले आहेत. ते मला पूर्णपणे अयोग्य वाटते आणि असे चित्र कितीही देखणे असले तरी त्याचे कौतुक करू नये. हाच नियम मी पक्ष्यांच्या घरट्यांनाही लावते.

उजेडवाटा

माउलीची_सावली यांनी लिहिलेले पटले, आणि त्यामुळे माझ्या ५० मिलिमीटरच्या आग्रहात बदल करतो. एपीएस-सीवर ५० चा दृश्यकोन ८० सारखा, म्हणजे अरुंद होतो. हातभर अंतरावरून काम करायचे असेल तर २४ मिलिमीटर एफ/२.८ ची चपटी लेन्स अधिक उपयोगी ठरेल. ती इतकी लहान दिसते की समोरची व्यक्ती संकोचत नाही. ती जुनी घ्यायची असेल तर मुंबईत बोरा बाजारात चौकशी करा. घेताना पुढून टॉर्च मारून मागून पाहा, म्हणजे बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. बॉडी पाहणार असाल तर लक्षात ठेवा की कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटर किती वेळा उडाले हे छायाचित्राच्या नोंदीत लिहिलेले नसते. विक्रेत्याला वेगळ्या सॉफ्टवेअरने दाखवायला सांगावे.

रत्नाकर_किनारा

तिसरा ढीग राहिलाच. कासची फुले सपाट दिसतात, कारण आपण उभे राहून पाहतो. परवानगी असलेल्या पायवाटेवरच गुडघे टेकून कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणावा, म्हणजे सीतेची आसवे आणि तेरड्याचे गालिचे मागे क्षितिजापर्यंत पसरतात आणि वर ढग येतात. पायवाट सोडून एक पाऊलही टाकू नये. त्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि तुडवलेली जागा लवकर भरून येत नाही.

एक पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिल्टर) नक्की घ्या. ओल्या पानांवरची चमक तो कमी करतो आणि हिरवा रंग खरा दिसू लागतो. ठोसेघरच्या धबधब्याजवळील ओल्या खडकांवर तर फरक लगेच कळतो. तो एक ते दीड स्टॉप प्रकाश खातो, तेवढा हिशेब ठेवावा. धबधब्याचे पाणी मऊ हवे असेल तर ही उणीवही उपयोगीच पडते.

सह्यवाट

आता निर्णयापर्यंत आले आहे. फुल फ्रेमचा विचार सोडून दिला. २४ ची लेन्स, पोलरायझर, बरा ट्रायपॉड आणि हवाबंद डबा एवढे घेते. पुढील महिनाभर काकांचा ३५ वरचा अभ्यास करते आणि दर आठवड्याचे छापील चित्र इथे टीकेसाठी देते. उरलेली रक्कम भिगवणसाठी १५०-६०० भाड्याने घेण्यासाठी आणि प्रवासासाठी राखून ठेवली आहे.

विदर्भवन यांना शेवटचा प्रश्न: भिगवणजवळच्या कुंभारगावला होडीतून जायचे असते असे कळले. तिथे ट्रायपॉड न्यावा का, आणि सेटिंग काय ठेवावे?

विदर्भवन

ट्रायपॉड होडीत नेऊ नका. इंजिनाचा कंप त्याच्या पायांतून थेट लेन्सपर्यंत येतो. तांदूळ किंवा कडधान्य भरलेली कापडी पिशवी होडीच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा, आणि जितके खाली बसता येईल तितके बसा, म्हणजे डोळा पक्ष्याच्या उंचीवर येतो. बसलेल्या पक्ष्यांसाठी शटर १/५०० पुरते. उडणारे पट्टकदंब किंवा सुरय टिपायचे असतील तर १/२००० च्या खाली जाऊ नका आणि आयएसओ ऑटोवर ठेवा.

रोहित पक्षी सकाळच्या धुक्यात असतील तर भरपाई अधिककडे लागेल. ऊन वर आले आणि मागे गडद पाणी असले की तीच उणे करावी लागेल, नाहीतर पांढरी पिसे जळतील. होडीवाल्या दादांना निघण्याआधीच सांगा की सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा बाजूने न्या आणि थवा दिसला की इंजिन बंद करून बांबूने होडी सरकवा. पाहुण्यांना उडणारे पक्षी हवे असतात म्हणून काही जण थव्यात होडी घालतात. तसे करू नका, असे स्पष्ट सांगावे. दूरवरून थंडीपुरते आलेल्या पक्ष्यांना वारंवार उडवल्याने त्यांचे चरणे मोडते. डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला असतो. शनिवार-रविवार टाळलात तर होड्यांची गर्दीही कमी मिळेल.